लक्ष्मीपूजन ते रथसप्तमी

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत पाठवा, असे संपादकांचे दर वर्षी सांगणे असते, आणि दर वर्षी मी फराळाने बिघडलेल्या पोटांवर चार पाने लिहून मोकळी होते. यंदा मात्र टेबलाच्या खणात साठलेल्या एका निराळ्याच गठ्ठ्याला उत्तर द्यायचे ठरवले आहे. ही पत्रे बिनसहीची असतात. अक्षर बहुधा बाईचे, पत्ता नाही, आणि मजकूर थोड्याफार फरकाने एकच. लग्नाला तीन वर्षे झाली, चार झाली. घरात तसे सगळे ठीक आहे. पण दिवाळीला सासरी जायचे म्हटले की पोटात गोळा येतो, कारण करंज्या तळता तळता कोणीतरी विचारणारच, ‘मग, यंदा काही गोड बातमी?’ आणि शेवटी प्रश्न असतो : डॉक्टरबाई, आहारविहारात काय बदल केला म्हणजे दिवस राहतील?

पुण्यामुंबईच्या वाचकांना वाटेल, वाघांच्या मुलखातल्या डॉक्टरणीने आम्हाला यावर काय सांगावे! पण गेली तीसेक वर्षे मी चंद्रपुरात दवाखाना चालवते आहे आणि माझा अनुभव असा की, या एका दुखण्यात पेठेतली सून आणि सिरोंच्याची सून यांच्यात काडीचे अंतर नसते. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, पण माणसे काही वेगळी झाली नाहीत. वैनगंगा ओलांडून ती चांद्याला येतच राहिली. (जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही चांदाच आहे, आणि माझ्याही.)

माझ्या खोलीत येणारी पहिली जोडी बहुधा नवराबायकोची नसते. ती सासूसुनेची असते. सासूबाई खुर्चीत बसतात, सून उभी राहते. ‘डॉक्टरबाई, सुनेले नीट तपासा. आमचा पोरगा त धडधाकट हाये.’ हा धडधाकट पोरगा कुठे आहे म्हणून विचारावे, तर तो रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर मोटारसायकलीला टेकून उभा. तिथे त्याच्यासाठी खर्रा घोटला जात असतो.

खर्रा म्हणजे काय हे पश्चिमेकडच्या वाचकांना सांगायला हवे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन चांगला गरम होईपर्यंत घोटायचा आणि गालात धरायचा. आमच्या भागात पाहुण्याला चहाच्या आधी खर्रा पुढे होतो. शिक्षक, कारकून, मजूर असा भेद त्याला ठाऊक नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र ठेल्याठेल्यावर ताजा घोटला जातोच आहे. बायकाही काही सोवळ्या नाहीत. त्यांचा गुडाखू असतो, नाहीतर भाजलेल्या तंबाखूची ‘नस’, दात घासण्याच्या नावाखाली. शहरातल्या वाचकांनी इथे खर्ऱ्याच्या जागी सिगरेट वाचावी, हिशेब तोच.

आता मुद्द्याची गोष्ट. मूल न होण्याच्या प्रकरणांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. तंबाखू चघळण्याचा त्यात हात आहे. मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या सहाशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, तंबाखू जितकी जास्त वेळा चघळावी तितकी शुक्रजंतूंची संख्या, चाल आणि घडण बिघडलेली. आणि तरीही तपासणी कोणाची होते? सुनेची. रक्त तिचे, सोनोग्राफी तिची, सोळा सोमवार तिचे, चैत्रात महाकालीच्या यात्रेत नवस बोलायचा तोही तिने. नवसाला माझी हरकत नाही. देवीपुढे कोणी काय मागावे यात डॉक्टरने पडू नये. पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईने आठवड्याचे तीन वार उपाशी राहावे आणि नवऱ्याने दिवसाला सहा खर्रे खावेत, ही वाटणी काही मला पटत नाही.

म्हणून माझ्याकडे नियम असा की, पहिली तपासणी वीर्याची. ती सर्वांत स्वस्त, बिनदुखाची, आणि तीच सर्वांत शेवटी करायची आपल्याकडे रीत! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरात १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. आकडा ऐकून पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर जरा अभिमान दिसू लागतो, मग त्यांना सांगावे लागते की ही पास होण्यापुरतीच बेरीज आहे.

शुक्रजंतू एका दिवसात तयार होत नाही. त्याला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि पुढे नलिकेतून पक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही. म्हणजे आज घरात जे पीक निघते आहे ते तीन महिन्यांपूर्वीच्या पेरणीचे. आमच्या धानाच्या मुलखात हे पटवून द्यायला फारसे सायास पडत नाहीत. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडचा शेतकरी रोवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी लोंब शोधायला बांधीत उतरत नाही. तरी हाच गृहस्थ खर्रा सोडून आठ दिवस झाले की मला विचारतो, ‘बाई, अजून काही कसं नाही?’

एक जोडपे आठवते. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत, हे इथे एकदाच सांगून ठेवते.) नवरा भट्टीपाशी काम करणारा, तीन पाळ्यांची नोकरी, दिवसाला आठ-दहा खर्रे, रात्रपाळी संपली की मित्रांबरोबर थोडी दारू. वीर्याचा अहवाल वाईट होता, पण अगदी हात टेकावेत असा नव्हता. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या : खर्रा बंद, दारू बंद, आणि कामावर दर तासाला दहा मिनिटे भट्टीपासून लांब सावलीत. उष्णतेचे कारण असे की, पुरुषाचे अंडकोश निसर्गाने शरीराबाहेर ठेवले तेच मुळी ते दोन-चार अंशांनी थंड राहावेत म्हणून. आता मे महिन्यात पारा ४६ वर चढणे आम्हाला नवे नाही, आणि नुसत्या उन्हाळ्याने वंश खुंटत असता तर चांदा केव्हाच ओस पडले असते. तेव्हा उन्हाला भिऊ नये. पण भट्टी, तासन्‌तास चालवायची गाडी, घट्ट नायलॉनचे कपडे आणि शहरात मांडीवर ठेवायचा तो लॅपटॉप, यांची भर पडू देऊ नये. सैल सुती कपडे घालावेत; आपल्या आजोबांचे धोतर या बाबतीत फार शास्त्रशुद्ध होते.

त्याच्या बायकोने काय करावे? तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक टिंब काढले, ज्या दिवशी खर्रा नाही त्या दिवशी. पहिल्या महिन्यात टिंबे विरळ होती. तो चिडचिडा झाला, जेवणावर रुसू लागला, डोके दुखते म्हणून दोनदा माझ्याकडे येऊन गेला. तंबाखू सुटताना हे व्हायचेच. त्यासाठी निकोटिनची गोळी मिळते, आणि गालात लवंग-बडीशेप धरणारेही पुष्कळ पाहिले आहेत. तिसऱ्या महिन्यात टिंबांची रांग सलग झाली. पुन्हा तपासणी केली तेव्हा संख्या वाढली होती, चालही सुधारली होती. पाचव्या महिन्यात तिची पाळी चुकली. हे एकट्या खर्ऱ्यानेच झाले असे मी म्हणणार नाही. डॉक्टरने असले श्रेय घेऊ नये आणि देऊही नये. टिंबांचे ते कॅलेंडर मात्र मी तिच्याकडून मागून घेतले आणि पुढच्या कित्येक जोडप्यांना दाखवले.

तरुण वाचकांपैकी जे व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी इंजेक्शने घेतात त्यांच्यासाठी एक वाक्य जादा. बाहेरून पुरुषी संप्रेरक टोचले की शरीर स्वतःचे काम थांबवते आणि शुक्रजंतू शून्यावरही येऊ शकतात. दंड दिसतात, बाकी काही दिसत नाही.

दुसरे जोडपे वनखात्यातले. तो भामरागडकडे जंगलात नेमणुकीला, ती चंद्रपुरात शाळेत शिक्षिका. ‘दोन वर्षे प्रयत्न चालू आहेत,’ असे दोघेही सांगत. मी वही काढून तारखा विचारल्या. तो महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येणार. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तोही रस्ता बंद. दोन वर्षांत नेमक्या दिवसांत हे दोघे एका छताखाली किती वेळा होते, हे मोजले तर हाताची बोटेही पुरी झाली नाहीत. याला वंध्यत्व म्हणत नाहीत, याला बदली म्हणतात! पुण्यातली संगणकवाली मंडळीही या बाबतीत भामरागडलाच राहतात : एकाच घरात, पण एक रात्रपाळीला आणि एक दिवसपाळीला.

नेमके दिवस कोणते, याविषयी शिकलेल्या घरांतही फार गोंधळ आहे. सगळ्यांना ‘चौदावा दिवस’ तेवढा पाठ असतो. बीज सुटते ते पुढची पाळी यायच्या सुमारे चौदा दिवस आधी. मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नव्हे. ज्या बाईची पाळी ३२ दिवसांनी येते तिचे बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटणार. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत वाट पाहू शकतो. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस कामाचे. आमच्या या शिक्षिकाबाईंसाठी ते तेरा ते अठरा हे होते, आणि नवऱ्याची रजा पडत होती पंचविसाव्या दिवशी.

पण म्हणून घरात परीक्षेचे वेळापत्रक टांगू नये. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी नवराबायकोंनी एकत्र यावे; एवढ्याने ते सहा दिवस आपोआप सापडतात. रोज सकाळी थर्मामीटर लावणारी, नंतर तासभर पाय भिंतीला टेकवून पडणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्याची गरज नसते, आणि त्या धाकाने पुरुष बिचकतो ते वेगळेच. निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात यश येण्याची शक्यता शंभरात वीस-पंचवीसच असते. वर्षभरात मात्र शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांकडे गोड बातमी येते. तेव्हा लग्नानंतर चौथ्या महिन्यात सुनेकडे रोखून पाहणाऱ्या आत्याबाईंना हे गणित कोणीतरी वाचून दाखवावे.

बायकांच्या पथ्याचे थोडक्यात सांगते. वजन फार वाढले किंवा फार घटले तर बीज सुटण्याचा ताल बिघडतो. जाड बाईने आपल्या वजनाचा विसावा हिस्सा जरी कमी केला तरी पुष्कळदा चुकणारी पाळी ताळ्यावर येते. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधी निदान महिनाभर सुरू करावी आणि पुढे तीन महिने घ्यावी; बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष तिने टळतात. मधुमेह किंवा फिटांचे औषध चालू असेल तर मात्रा डॉक्टरला विचारून ठरवावी. रक्त, थायरॉइड आणि साखर एकदा पाहून घ्यावी. गुडाखू, नस, मशेरी बंद. आमच्या पूर्व विदर्भात आणखी एक तपासणी मी आग्रहाने करवते, ती सिकलसेलची. नवराबायको दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक मूल आजारी निघण्याचा धोका असतो, आणि हे आधी कळलेले बरे. बाजारात ‘हमखास’ म्हणून मुळ्या विकणारे वैदू भेटतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहावे. मोहफुलाचे लाडू चवीला उत्तम, पण त्यांनी मूल होते असे म्हणणाऱ्याला लाडूच विकायचे असतात.

आता पथ्याच्या पलीकडचे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ते निष्कर्ष १९८९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शंभरातल्या ९२ बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधीही त्यासाठी तपासणी वा उपचार झाला अशा फक्त ८. जगभरच्या डॉक्टरांना तो आकडा हलवून गेला. मला त्यातले ते आठ जास्त बोचतात. बाकीच्यांनी अंगावरचे जाणे, ओटीपोटातले दुखणे ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून काढले. असा मुका राहिलेला जंतुसंसर्ग आतल्या आत बीजवाहक नलिका बंद करू शकतो. तेव्हा पांढरे जाते, वास येतो, दुखते, हे दडवायचे नाही. आणि जिथे रोग संगतीने पसरणारा असेल तिथे औषध दोघांनी घ्यायचे. एकटीनेच घेतले तर घरातल्या घरात तो परत येतो.

क्षयाचेही तसेच. माझी एक रुग्ण, पंचविशीतली, नवरा निर्व्यसनी, पाळी घड्याळासारखी. सहा महिने दोघांनी सांगितले ते सगळे केले. पुढे कळले की दोन्ही नलिका क्षयाने बंद झाल्या आहेत. खोकला नाही, ताप नाही. गर्भाशयाचा क्षय पुष्कळदा असाच गुपचूप असतो, आणि आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. ती मला म्हणाली, ‘म्हणजे मी काही चुकले नव्हते?’ इतकी वर्षे तिला वाटत होते, आपण पपई खाल्ली म्हणून, ओझे उचलले म्हणून. सवयी सुधाराव्यात हे मी वर चार पाने सांगितले, पण सवयींनी बंद नळी उघडत नाही, आणि मूल झाले नाही म्हणजे पथ्यात कसूर झाली असाही अर्थ नाही. तिला पुढे नागपूरला पाठवले. परीक्षानळीतून गर्भधारणेची विद्या आता आपल्याकडे जुनी झाली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ च्या ऑगस्टमध्ये तशी मुलगी जन्मली होती. २०२१ च्या कायद्याने या केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे आणि बाईसाठी पन्नास, पुरुषासाठी पंचावन्न अशी वयाची मर्यादा घातली आहे. पण कायदा काही म्हणो, स्त्रीबीजाचे वय पस्तिशीनंतर भराभर उतरते. म्हणून एरवी वर्षभर वाट पाहावी हे खरे असले, तरी बाई पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिने, आणि पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षय झाला असेल किंवा नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोश सुजले असतील तर एक दिवसही नाही.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्याकडे आठ वर्षांत चार वेळा आल्या. शेवटच्या खेपेला मुलासाठी दुसरी सोयरीक पाहणे सुरू झाले होते आणि त्या ते सुनेसमोर सांगत होत्या. मी त्या दिवशी मुलाला बाहेरून बोलावून घेतले आणि त्याची तपासणी झाल्याशिवाय सुनेला हात लावणार नाही म्हणून सांगितले. अहवालात शुक्रजंतू एकही नव्हता. पुन्हा पाहिले, नव्हता. मी तो अहवाल आधी त्याच्या एकट्याच्या हातात दिला, कारण तो त्याचा होता. बराच वेळ तो खिडकीशी उभा राहिला. मग म्हणाला, ‘आईला बोलवा, मीच सांगतो.’ आणि त्याने सांगितले. म्हातारी काही बोलली नाही. पदराने तोंड पुसले, उठली, सुनेचा हात धरला आणि एवढेच म्हणाली, ‘चाल माय, घरी चाल.’ सोयरिकीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. तीन वर्षांनी त्यांनी रीतसर दत्तक मुलगी आणली.

तर बिनसहीच्या पत्रांना माझे उत्तर असे. पत्र तुम्ही लिहिलेत, पण हे पान नवऱ्यापुढे ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खर्रा, सिगरेट, दारू जे काही असेल ते दोघांनी सोडायचे. तिथून रथसप्तमीपर्यंत सुमारे ९५ दिवस होतात. शुक्रजंतूंचे एक नवे पीक त्यात पुरते हाती येते. रथसप्तमीच्या आठवड्यात वीर्याची तपासणी करावी. आधी दोन ते सात दिवसांचे अंतर ठेवावे, नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा असेल तर तासाभराच्या आत पोचवावा आणि डबी बर्फात न ठेवता शर्टाच्या आत अंगाशी धरून न्यावी. थंडी असते, नमुना गारठतो. आणि डबी नवऱ्याने स्वतः घेऊन जावी, बायकोच्या हाती पाठवू नये.